छेदात कोण आहे?

अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजांविषयी, म्हणजे मुख्यतः दोन वर्षांचे अभ्यासक्रम चालवणाऱ्या आणि तेथून पुढे विद्यापीठात जाता येणाऱ्या स्थानिक कॉलेजांविषयी, गेल्या काही महिन्यांत वाचकांची बरीच पत्रे आली. ती एकत्र वाचताना लक्षात आले की, प्रश्न वेगवेगळे असले तरी त्यांचा रोख एकच आहे. या संस्थांविषयी जे आकडे आणि जी सर्वेक्षणे आपल्यापुढे येतात, त्यांवर किती विसंबावे, आणि त्यांच्यामुळे कॉलेज खरोखर सुधारते का? अशाच एका कॉलेजाच्या संशोधन विभागात मी बरीच वर्षे काम केले आहे. त्या अनुभवाच्या आधारे या अंकात पाच पत्रांना उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझ्या भाचीने अमेरिकेतील एका कम्युनिटी कॉलेजात प्रवेश घेतला आहे. त्या कॉलेजाची सरकारी आकडेवारी पाहिली, तर अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण जेमतेम २५ टक्के दिसते. म्हणजे चारांतील तीन मुले नापास होतात, असेच ना? तिला दुसरीकडे जायला सांगावे का?

उत्तर : नाही, त्या आकड्याचा अर्थ तसा होत नाही. कोणत्याही टक्केवारीत अंशाकडे सगळ्यांचे लक्ष जाते. मी आधी छेद पाहते, कारण छेदात कोणाला घेतले आणि कोणाला वगळले यावर उत्तर निम्म्याहून अधिक ठरलेले असते.

आपण पाहिलेल्या आकड्याचे मूळ १९९० च्या एका केंद्रीय कायद्यात आहे. विद्यार्थ्यांना केंद्रीय आर्थिक साहाय्य मिळवून देणाऱ्या प्रत्येक कॉलेजाने पदवी पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण जाहीर करावे, असे त्या कायद्याने ठरवले. हा हिशेब करताना आयुष्यात प्रथमच कॉलेजात आलेले आणि पूर्णवेळ शिकणारे विद्यार्थीच छेदात घेतले जातात, आणि नेमलेल्या मुदतीच्या दीडपट काळात, म्हणजे दोन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी तीन वर्षांत, त्याच कॉलेजातून जे उत्तीर्ण होतात तेवढेच अंशात येतात. अठराव्या वर्षी घर सोडून चार वर्षे वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्यासाठी ही मोजपट्टी ठीक असेल. कम्युनिटी कॉलेज मात्र निराळ्याच लोकांसाठी उभे राहिले आहे. इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ मध्ये सुरू झालेले कॉलेज हे आज चालू असलेल्या अशा सार्वजनिक कॉलेजांपैकी सर्वांत जुने मानले जाते. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या उच्च शिक्षण आयोगाच्या १९४७ च्या अहवालानंतर ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव रूढ झाले. कमी शुल्क, घराजवळचे ठिकाण आणि जवळजवळ कोणालाही खुला प्रवेश ही या संस्थांची ओळख आहे, आणि त्यांतील सुमारे दोन-तृतीयांश विद्यार्थी अर्धवेळ शिकतात.

आता दोन विद्यार्थिनींची कल्पना करा. पहिली दिवसा नोकरी करते, सत्राला दोनच विषय घेते आणि पाच वर्षांनी परिचारिका होते. ती अर्धवेळ असल्यामुळे त्या छेदात कधी आलीच नाही. दुसरी पूर्णवेळ शिकते, वर्षभर उत्तम गुण मिळवते आणि कॉलेजाची पदवी न घेता विद्यापीठात बदली घेऊन तेथे पदवीधर होते. ती छेदात आहे, पण अंशात नाही, कारण बदली घेणाऱ्यांची संख्या वेगळ्या रकान्यात नोंदवली जाते. म्हणजे कॉलेजाने दोघींनाही हवे तेथे पोहोचवले, तरी एक हिशेबातच नाही आणि दुसरी अपयशी ठरली.

ही उणीव आता बरीचशी भरून निघाली आहे. २०१५-१६ पासून केंद्रीय शिक्षण खाते अर्धवेळ विद्यार्थ्यांची आणि दुसऱ्या कॉलेजातून आलेल्यांचीही आठ वर्षांपर्यंतची माहिती वेगळी गोळा करते. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल स्टुडंट क्लिअरिंगहाऊस या, देशभरातील कॉलेजांकडून विद्यार्थ्यांच्या नोंदी एकत्र करणाऱ्या संस्थेमुळे एका संस्थेतून निघालेला विद्यार्थी पुढे कोठे गेला, हेही शोधता येते. आपल्या भाचीच्या कॉलेजाचे हे आठ वर्षांचे आकडे जरूर पाहा.

तरीही सारा दोष मोजपट्टीचाच आहे, असे मी म्हणणार नाही. छेद नीट केल्यावरही चित्र काळजी वाटावी असेच आहे. कम्युनिटी कॉलेजात येणाऱ्या दर पाच विद्यार्थ्यांपैकी सुमारे चौघांना पुढे चार वर्षांची पदवी हवी असते, प्रत्यक्षात बदली घेतात ते साधारण एक-तृतीयांश, आणि सहा वर्षांत ती पदवी हाती पडते ती सहांतील एकाच्या आसपास विद्यार्थ्यांच्या. म्हणून भाचीला कॉलेज सोडायला सांगू नका. तिला जो विषय घ्यायचा आहे त्याचे कोणते क्रेडिट कोणते विद्यापीठ मान्य करते, हे तिने पहिल्याच सत्रात लेखी मिळवावे. बदलीच्या वेळी पुष्कळांची क्रेडिटे वाया जातात आणि ती वर्षे भरून निघत नाहीत.

प्रश्न : मी एका कम्युनिटी कॉलेजात गणित शिकवते. काही वर्षांनी एकदा माझ्या वर्गात एक मोठे सर्वेक्षण होते, त्यात एक पूर्ण तास जातो, आणि नंतर त्याचे काय झाले हे आम्हाला कोणी सांगत नाही. ‘तुम्ही वर्गात किती वेळा प्रश्न विचारता’ अशा प्रश्नांतून कॉलेजाचा दर्जा कसा कळणार?

उत्तर : आपल्या पत्रातील तक्रारीचा दुसरा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो, पण पहिल्यापासून सुरुवात करते.

आपल्या वर्णनावरून हे टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील केंद्राने २००१ मध्ये सुरू केलेले सर्वेक्षण असावे. विद्यार्थी अभ्यासात आणि कॉलेजात किती गुंततो, यावर तो टिकेल की नाही हे बऱ्याच अंशी अवलंबून असते, या विचारावर ते उभे आहे. प्रश्नांची उत्तरे पाच गटांत एकत्र केली जातात : सक्रिय आणि सहकारी शिक्षण, विद्यार्थ्याचे स्वतःचे कष्ट, अभ्यासाचे आव्हान, शिक्षकांशी संपर्क आणि विद्यार्थ्याला मिळणारा आधार. प्रत्येक गटाचा गुणांक असा बसवलेला असतो की सर्व कॉलेजांतील विद्यार्थ्यांची सरासरी ५० यावी आणि प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत याचे माप, २५ असावे. त्यामुळे ५३ गुण मिळाले म्हणजे शंभरांपैकी त्रेपन्न मिळाले, असे समजू नये. हा गैरसमज मी विश्वस्तांच्या बैठकीतही ऐकला आहे.

तास वाया जातो, हे खरे. तरीही हे सर्वेक्षण वर्गातच घेतात, याला कारण आहे. अर्धवेळ विद्यार्थी कॉलेजात तासाला येतो आणि तास संपला की नोकरीवर किंवा मुलांकडे परततो, त्यामुळे त्याला गाठायचे तर वर्गातच गाठावे लागते. म्हणून विद्यार्थ्यांऐवजी वर्ग चिठ्ठी टाकल्यासारखे निवडतात. त्यात एक अडचण उद्भवते. पाच विषय घेणारा विद्यार्थी निवडलेल्या वर्गात सापडण्याची शक्यता एक विषय घेणाऱ्यापेक्षा जास्त असते, आणि पूर्णवेळ विद्यार्थ्यांचा आवाज उगीचच मोठा होतो. त्यासाठी निकाल काढताना अर्धवेळ विद्यार्थ्यांच्या उत्तरांना अधिक भार दिला जातो.

पण एक उणीव कोणताही भार देऊन भरत नाही. हे सर्वेक्षण वसंत सत्रात, म्हणजे शैक्षणिक वर्षाच्या दुसऱ्या सत्रात होते. त्याआधीच्या शरद सत्रात प्रवेश घेऊन दोन-तीन महिन्यांत निघून गेलेले विद्यार्थी त्या दिवशी वर्गात नसतात, आणि कॉलेज कोठे चुकते हे त्यांच्याहून अधिक कोणाला ठाऊक असणार? जे राहिले त्यांना आपण विचारतो की राहणे सोपे आहे का. याच कारणाने त्या केंद्राने पुढे नवागतांसाठी वेगळे सर्वेक्षण काढले. ते शरद सत्राच्या चौथ्या-पाचव्या आठवड्यात होते आणि प्रवेशाच्या दिवसापासूनचे अनुभव विचारते. आपल्या कॉलेजाला दोहोंपैकी एकच परवडत असेल, तर मी नवागतांचे निवडेन.

‘किती वेळा’ या प्रश्नांवरील आपला आक्षेपही रास्त आहे. ‘बऱ्याचदा’ या शब्दाचा अर्थ प्रत्येकाच्या मनात वेगळा असतो, आणि मागील सत्रात आपण किती वेळा काय केले, हे माणसाला नेमके आठवत नाही. अशा सर्वेक्षणांच्या विश्वसनीयतेवर अभ्यासकांनी कडक टीका केली आहे, आणि ती मला बरीचशी पटते. म्हणून मी एकत्रित गुणांकापाशी फारशी रेंगाळत नाही, सुट्या प्रश्नांकडे जाते. एका वर्षी आमच्याकडे ‘शैक्षणिक मार्गदर्शन’ या सेवेविषयी विचित्र उत्तरे आली. ती महत्त्वाची आहे असे बहुतेकांनी लिहिले होते, पण ती वापरली असे सांगणारे थोडे होते. प्रशासनाचा तर्क असा होता की मुले आळशी आहेत. मी तीच उत्तरे सकाळच्या आणि संध्याकाळच्या वर्गांनुसार वेगळी केली आणि कारण समोर आले. मार्गदर्शन कक्ष पाच वाजता बंद होत असे, आणि संध्याकाळचे विद्यार्थी साडेपाचनंतर येत. यासाठी कोणतेही अवघड संख्याशास्त्र लागले नाही. पुढील सत्रापासून दोन दिवस कक्ष रात्री आठपर्यंत उघडा राहू लागला.

याच केंद्राचे शिक्षकांसाठीही एक सर्वेक्षण आहे, आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचली तर ती फार बोलकी ठरतात. शिक्षक सांगतात की आम्ही विद्यार्थ्यांना तत्परतेने अभिप्राय देतो, विद्यार्थी सांगतात की तो क्वचित मिळतो. दोघेही खोटे बोलत नसतात. शिक्षकाच्या डोळ्यांपुढे त्याला येऊन भेटणारे पाच-सहा जण असतात, आणि प्रश्नपत्रिका मात्र सगळा वर्ग भरतो.

आता आपली खरी तक्रार. ज्यांनी तास दिला त्यांना निकाल न सांगणे, ही मला अक्षम्य चूक वाटते. आपण संशोधन विभागाला पत्र लिहून आपल्या विभागापुरती उत्तरे मागा. एका वर्गाची उत्तरे कदाचित देणार नाहीत, कारण संख्या लहान असली की कोणी काय लिहिले हे ओळखू येते. परंतु गणिताच्या सर्व वर्गांची एकत्रित उत्तरे देण्यास सहसा हरकत नसते. आणि पुढच्या वेळी प्रश्नपत्रिका वाटण्यापूर्वी मागच्या उत्तरांमुळे कोणती एक गोष्ट बदलली, हे वर्गाला दोन वाक्यांत सांगा. बदललेले काहीच सापडले नाही, तर तसे प्राचार्यांना लिहा.

प्रश्न : आम्ही विद्यार्थी प्रतिनिधींनी अन्न आणि निवाऱ्याच्या अडचणींविषयी ईमेलने सर्वेक्षण केले. प्रतिसाद १० टक्के आला. त्यांतील निम्म्यांनी अडचण असल्याचे लिहिले आहे. ‘कॉलेजातील निम्मे विद्यार्थी उपाशी’ असे जाहीर करावे का?

उत्तर : कृपया करू नका. ज्याला अडचण आहे तो असे पत्र उघडण्याची शक्यता अधिक असते. उलट, ज्याची अवस्था सर्वांत वाईट आहे त्याच्याकडे ईमेल पाहायला वेळ किंवा इंटरनेटही नसेल. आकडा वर सरकला की खाली, हे १० टक्क्यांवरून ठरत नाही, आणि आणखी हजारभर ईमेल पाठवून तो दोष जाणार नाही. दोन कामे करता येतील. उत्तर देणाऱ्यांचे वय, अर्धवेळ-पूर्णवेळ आणि आर्थिक साहाय्य यांचे प्रमाण कॉलेजाच्या नोंदींशी ताडून पाहा. शिवाय संपूर्ण यादीतून चिठ्ठी टाकून शंभर नावे निवडा आणि त्यांना फोन करून, पुन्हा पुन्हा करून, उत्तरे मिळवा. ही शंभर उत्तरे त्या हजारांपेक्षा मोलाची ठरतील. प्रश्न स्वतः रचू नका. अमेरिकेच्या कृषी खात्याची अन्नसुरक्षेविषयीची तपासून घेतलेली प्रश्नावली आहे, तिची सहा प्रश्नांची लहान आवृत्तीही उपलब्ध आहे. आणि मदतकेंद्र उघडण्यासाठी टक्केवारी नक्की होण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. ज्यांनी अडचण असल्याचे लिहिले, त्यांना मदत आजच हवी आहे.

प्रश्न : वीस वर्षे ‘पुराव्यावर आधारित सुधारणा’ हे शब्द ऐकतो आहे. आकडे गोळा करून एखादे कॉलेज सुधारल्याचे एक तरी खात्रीचे उदाहरण आहे का?

उत्तर : आहे, पण आधी निराशेचे उदाहरण सांगितले पाहिजे.

२००४ मध्ये ‘अचीव्हिंग द ड्रीम’ हा मोठा राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला. कॉलेजांनी स्वतःची आकडेवारी वंश, उत्पन्न आणि वय यांनुसार वेगळी करून पाहावी, दरी कोठे आहे हे शोधावे आणि ती बुजवावी, अशी त्यामागची कल्पना होती. पहिल्या फळीतील २६ कॉलेजांचे मूल्यमापन २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. आकडे वापरण्याची सवय बहुतेक कॉलेजांत वाढली होती, परंतु विद्यार्थ्यांच्या यशाचे सरासरी प्रमाण जवळजवळ जेथे होते तेथेच राहिले. अहवाल वाचला तेव्हा मी खचले होते, पण कारण त्यातच दिलेले होते. बरेचसे उपक्रम विद्यार्थ्यांच्या अगदी लहान गटापर्यंतच पोहोचले होते. हजारो विद्यार्थ्यांच्या कॉलेजात पन्नास जणांसाठी कितीही सुंदर कार्यक्रम केला, तरी त्याने कॉलेजाचा आकडा हलत नाही.

आता दुसरे उदाहरण, आणि हे मला या क्षेत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाटते. कॉलेजात येणाऱ्याची आधी एक छोटी चाचणी घेऊन, तीत कमी पडणाऱ्यांना गणित किंवा इंग्रजीच्या पूर्वतयारीच्या वर्गांत घालण्याची प्रथा होती. या वर्गांचे शुल्क लागे, पण पदवीसाठी क्रेडिट मिळत नसे, आणि काहींना असे दोन-तीन वर्ग एकामागून एक करावे लागत. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधील संशोधकांनी विद्यार्थ्यांचा वर्गागणिक माग काढला. गणिताच्या पूर्वतयारीला पाठवलेल्यांपैकी साधारण एक-तृतीयांश विद्यार्थ्यांनीच ती साखळी पूर्ण केली होती. बाकीचे कोठे गळाले, याचे उत्तर धक्कादायक होते. वर्गात नापास झालेल्यांपेक्षा पहिल्या किंवा पुढच्या वर्गात नाव न नोंदवता निघून गेलेल्यांची संख्या जास्त होती. शिक्षक मात्र वर्षानुवर्षे नापासांचीच चिंता करत होते, कारण गुणपत्रकात दिसत होते ते तेच.

२०१२ मध्ये टीचर्स कॉलेजमधीलच संशोधनाने दाखवले की या चाचण्यांमुळे पुष्कळ विद्यार्थी चुकीच्या वर्गात जातात, आणि शाळेतील गुण हे कॉलेजातील यशाचा अधिक चांगला अंदाज देतात. त्यानंतर अनेक राज्यांनी नियम बदलले. कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये कायदा केला की विद्यार्थ्याला थेट पदवीपातळीच्या वर्गात बसण्याची संधी मिळावी आणि ती ठरवताना शाळेतील कामगिरी पाहावी. परिणामी पहिल्या वर्षातच पदवीपातळीचे गणित पूर्ण करणाऱ्यांची संख्या खूप वाढली. त्याच वेळी त्या वर्गांतील उत्तीर्णांची टक्केवारी घसरली, आणि त्यावरून कायद्यावर टीकाही झाली. येथे छेद पुन्हा आठवावा. वर्गात पूर्वी निवडकच बसत होते, आता बरेच अधिक बसतात. दोन्ही आकडे खरे आहेत. पण जो विद्यार्थी पूर्वी या वर्गाच्या दारापर्यंतही पोहोचत नव्हता, त्याला मोजायचे असेल तर छेदात वर्गाची पटसंख्या न घेता कॉलेजात आलेले सर्व विद्यार्थी घ्यावे लागतात. जे पडतात त्यांना शिकवणीची जोड द्यावी, हे टीकाकारांचे म्हणणे मात्र योग्य आहे, आणि त्यात अनेक कॉलेजे कमी पडली.

तिसरे उदाहरण न्यूयॉर्क शहराच्या सिटी युनिव्हर्सिटीचे. तेथे २००७ मध्ये ‘एसॅप’ हा कार्यक्रम सुरू झाला. विद्यार्थ्याने पूर्णवेळ शिकायचे आणि मार्गदर्शकाला नियमित भेटायचे, त्या बदल्यात उरलेले शुल्क माफ, पुस्तकांसाठी मदत आणि शहरातील प्रवासाचे कार्ड. एका मार्गदर्शकाकडे विद्यार्थी मोजकेच. सोडत काढून निम्म्यांना कार्यक्रमात घेतले आणि उरलेल्यांना नेहमीच्या सेवा दिल्या, त्यामुळे फरक कशामुळे पडला याविषयी शंका उरली नाही. तीन वर्षांनी कार्यक्रमातील ४० टक्के विद्यार्थी पदवीधर झाले, दुसऱ्या गटातील २२ टक्के. खर्च विद्यार्थ्यामागे वाढला, पण पदवीमागे कमी झाला. ओहायोतील तीन कॉलेजांनी हाच प्रयोग केला, तेव्हा तेथेही असाच मोठा फरक दिसला.

या उदाहरणांवरून माझे मत असे बनले आहे की, आकडे अडचण कोठे आहे ते दाखवतात, पण ती दूर होते तेव्हा कोणीतरी पैसा, वेळ किंवा नियम बदललेला असतो. आपल्या कॉलेजात पुढच्या वेळी कोणी नवा डॅशबोर्ड, म्हणजे आकड्यांचा संगणकीय फलक, दाखवू लागले, तर त्यावरून कोणता निर्णय, कोण आणि कोणत्या तारखेपर्यंत घेणार आहे, एवढे विचारा.

प्रश्न : माझा मुलगा कम्युनिटी कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे. त्याला ईमेल आला की कॉलेजाच्या संगणकप्रणालीनुसार तो ‘धोक्याच्या’ यादीत आहे. तो फार खट्टू झाला आहे. ही यादी कशी बनते? मी कॉलेजाकडे त्याची माहिती मागू शकते का?

उत्तर : शेवटचा भाग आधी सांगते. १९७४ च्या केंद्रीय कायद्यानुसार विद्यार्थी कॉलेजात दाखल झाला की, वय काहीही असो, त्याच्या शैक्षणिक नोंदींवरील हक्क पालकांकडून त्याच्याकडे जातो. करासाठी तो आपल्यावर अवलंबून असल्यास कॉलेज आपल्याला माहिती देऊ शकते, पण तसे बंधन नाही. नोंदी पाहण्याची मागणी त्याने स्वतः करावी. ती ४५ दिवसांच्या आत पूर्ण करणे कॉलेजावर बंधनकारक आहे.

अशी यादी साधारण दोन प्रकारे बनते. काही ठिकाणी शिक्षकच गैरहजेरी किंवा न दिलेला स्वाध्याय पाहून खूण करतात. काही ठिकाणी मागील विद्यार्थ्यांच्या नोंदींवर बसवलेले संगणकीय गणिती प्रारूप नव्या विद्यार्थ्याची शक्यता वर्तवते. पहिल्या प्रकाराविषयी मला फारशी शंका नाही. दुसऱ्याविषयी आहे. पूर्वी ज्या गटांना कॉलेजाने नीट आधार दिला नाही, ते गट मागच्या नोंदींत अपयशी दिसतात, आणि प्रारूप त्या गटातील आजच्या मुलालाही तसेच समजते. कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक विद्यार्थ्यांच्या यशाचा अंदाज अशी प्रारूपे प्रत्यक्षाहून कमी बांधतात, असे अभ्यासांत दिसले आहे. त्यामुळे ही यादी मुलाच्या क्षमतेचा निवाडा नाही, हे त्याला सांगा.

त्याने ईमेलला उत्तर देऊन विचारावे की नेमक्या कोणत्या विषयावरून खूण झाली, आणि भेट कोणाची, कधी मिळेल. आमच्याकडे अशी पत्रे सुरू झाली, तेव्हा पहिल्या मसुद्यात ‘धोका’ हा शब्द तीनदा होता आणि मार्गदर्शकाचे नाव एकदाही नव्हते. आम्ही तो शब्द काढून टाकला, विषयाचे नाव लिहिले, आणि खाली मार्गदर्शकाचे नाव, खोली क्रमांक व त्या आठवड्यातील दोन मोकळ्या वेळा घातल्या.